सारखा कर आणि माझा मामा

आमच्या वसाहतीत माझ्या मामाबद्दल एक गोष्ट सांगतात. मामाने म्हणे एका परदेशी राजदूताला समोर बसवलं, टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा पेला आडवा झाला, आणि म्हणाला, "आमच्या पंपांच्या वाटेला जाल तर याद राखा." राजदूताला घाम फुटला. त्याने तिथूनच आपल्या राजधानीला फोन लावला आणि कर रद्द करून टाकला. केस कापायच्या दुकानात हीच गोष्ट सांगतात तेव्हा राजदूत रडतो. दूधवाल्याच्या गोष्टीत मामा त्याची कॉलर धरतो.

मी मामाची भाची. आई आणि मी खालच्या मजल्यावर राहतो, मामा-मामी वरच्या. म्हणून दुरुस्तीचा पहिला हक्क माझा. मामाने आजवर एकाही टेबलावर हात आपटलेला नाही. चुकून आपटलाच तर टेबलाची माफी मागेल. राजदूत रडला नाही. कर रद्दही झाला नाही, आजही आहे. त्या खोलीत मामा एकच शब्द बोलला, तोही घसा खाकरून. आणि ही अफवा उठवली ती दुसऱ्या कोणी नाही, माझ्या आईने, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. कारण खरी गोष्ट सांगायला घेतली तर डबा गार होतो.

मामा परराष्ट्र खात्यात भाषा अधिकारी आहे. दुसऱ्या देशाला काय सुनवायचं ते वरचे लोक ठरवतात, आणि कुठल्या शब्दात सुनवायचं ते मामा. त्याच्या खोलीत मी गेलेली आहे. बोळाच्या टोकाला, जिन्याला लागून. आत चार जण बसतात आणि पंखा एकच, तोही नेमका मामाच्या डोक्यावर. पंखा लावला की सगळ्यांचे कागद उडतात, बंद केला की माणसं वैतागतात. म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर कागद दाबायला काहीतरी आहे. एकाकडे कुलूप, एकाकडे दगड, एकीकडे चष्म्याची जुनी डबी. मामाकडे आईच्या कारखान्यातला पितळी पंपाचा नाकारलेला तुकडा. तो त्याला "आमचा औद्योगिक सहकार्याचा नमुना" म्हणतो.

मामाच्या धंद्यात नाराजीच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खाली "दखल घेतली". त्याच्यावर "आश्चर्य वाटले". मग "चिंता", "गंभीर चिंता", "खेद", "तीव्र खेद", आणि सगळ्यात वर "निषेध". निषेधालाही "तीव्र" लागतो, पण मामा म्हणतो की तो लावायची वेळ आली म्हणजे भाषा अधिकाऱ्याने रजा टाकावी. या पायऱ्या मामा ऑफिसात ठेवून येत नाही, घरी घेऊन येतो. मामीने ताट वाढलं की ती स्वतःच विचारते, "आज मिठाबद्दल सरकारचं काय म्हणणं?"

"दखल घेतली आहे," मामा म्हणतो आणि पाणी पितो.

मामाची नक्कल करायची तर आवाज सोपा आहे. नाकातून थोडा, शेवटचा शब्द खाली सोडायचा. अवघड आहे ती थांबण्याची जागा. प्रत्येक नामाच्या आधी तो जरासा थांबतो. खणात चमचे आहेत, त्यातला नेमका कुठला घ्यावा असा विचार करतोय, असं वाटतं. "मला... चहा... नको." तो थांबा जमला की मामा जमला. मामी एकदा स्वयंपाकघरातून मलाच "अहो" म्हणून हाक मारून बसली. मामा मला पोपट म्हणतो. आमचे मुख्याध्यापक, डॉक्टरीणबाई, बसचा वाहक, सगळे माझ्याकडे आहेत, पण सगळ्यात जास्त मागणी मामाला.

आता पंपांचं. आईच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनतात आणि त्यांतले बरेचसे एका परदेशात जातात. तिकडे पाठवायच्या पंपांची चाचणी आई करते. लांबच लांब हौद, त्यात पंप सोडायचा, चालू करायचा आणि ऐकायचं. आकडे दाखवायला यंत्र आहे, पण आई आधी डोळे मिटते. "हा घशात बोलतोय," म्हणते आणि पंप बाजूला काढते. बाबा गेल्यापासून आमचं घर त्या हौदावर चालतं.

मध्यंतरी त्या देशाने नवा कर बसवला. पंप विकणाऱ्या ज्या कंपन्यांचं मुख्य कार्यालय देशाबाहेर आहे, त्यांनी प्रत्येक पंपामागे भरायचा. त्यांच्या स्वतःच्या कंपन्यांना काही नाही. तोच पंप, तेच पाणी, पण आमचा महाग आणि त्यांचा स्वस्त. तिकडच्या दुकानदारांनी आमच्या कंपनीकडे मागणी नोंदवणं थांबवलं. कारखान्याच्या व्यवस्थापकाने चाचणीवाल्या सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की असंच चाललं तर परदेशचा विभाग बंद करावा लागेल. दुसऱ्या विभागात जागा नाहीत.

आई घरी आली ती चप्पल न काढताच वर गेली. मीही मागोमाग. मामा नुकताच आला होता, पायमोजे काढत होता.

"बाळ्या," आई म्हणाली. मामा पन्नाशीकडे झुकलाय पण आईचा धाकटा भाऊ, त्यामुळे बाळ्याच. "तुमच्या खात्याला कळलंय ना ते कराचं?"

"कळलंय, ताई."

"मग माझी नोकरी राहणार का जाणार?"

मामा थांबला. खण उघडल्यासारखा थांबला. एक मोजा हातात, एक पायात. आणि म्हणाला, "आम्ही... घडामोडींवर... लक्ष ठेवून आहोत."

मामी हळूच "अहो" म्हणाली. पण उशीर झाला होता.

"मी तुझी बहीण आहे," आई म्हणाली, "पत्रकार नाही." आणि खाली आली.

त्या दिवसापासून आईने मामाशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटली तरी भिंतीकडे बघायची. पण दोन मजल्यांमध्ये पाण्याची टाकी एक, विजेचं बिल एक, गच्चीची किल्ली एक. बोलल्याशिवाय भागणार कसं? मग दोन्हीकडून मला पाठवायला लागले. मी निरोप नुसता सांगत नसे, ज्याचा त्याच्या आवाजात पोचवत असे. वर जाऊन आईच्या आवाजात: "तुझ्या मामाला म्हणावं, टाकी भरली की मोटार बंद करायची असते, लक्ष ठेवून बसायची नसते." खाली येऊन मामाच्या: "मोटारीबाबत घडलेल्या प्रकाराबद्दल... खेद... आहे." आई हसू दाबण्यासाठी तोंड फिरवायची. पण बोलायला जायची नाही.

तिकडे खात्यात मामाने साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं की बहीण त्याच कारखान्यात आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. साहेब म्हणजे मामाचे वरिष्ठ, तोंडात सदानकदा लवंग. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली की निर्णय झाला असं समजायचं. साहेब म्हणाले, "या शहरात पंपवाल्यांचा नातलग नाही असा माणूस आणू कुठून? लिहा तुम्हीच." लवंग हलली. झालं.

मग पहिला खलिता गेला. मामाने शब्द घातला "आश्चर्य". वर्तमानपत्रात ओळ आली: नव्या कराबद्दल आपल्या सरकारला आश्चर्य वाटले.

आईने ती ओळ वाचली आणि मला वर पाठवलं. मी पदर खोचल्यासारखा हात कमरेवर घेतला आणि आईच्या आवाजात म्हणाले, "आश्चर्य? न सांगता पाहुणे आले की वाटतं ते आश्चर्य. इथे आमच्या पोटावर पाय आलाय."

मामा कपडे वाळत घालत होता. चिमटा तोंडातून काढून म्हणाला, "पोपट, तिला सांग. एकदम निषेध केला की वर पायरी उरत नाही. मग ते म्हणतात, बरं, झालं तुमचं? आणि दार लावून घेतात. आश्चर्य वाटलं म्हटलं की त्यांना म्हणता येतं, अहो, चुकून झालं. माणसाला चुकून झालं म्हणायला जागा ठेवावी."

"आणि कर?"

"कर लावू नका असं मुळी म्हणताच येत नाही. घर त्यांचं आहे. किती कर लावायचा तो लावा. फक्त आपल्याला एक आणि त्यांना दुसरा, असं नको. कर सारखा हवा, एवढंच आपलं म्हणणं."

मी खाली आले. मोठ्या उत्साहात, मामाचा थांबा बरोब्बर जमवत, म्हणाले, "आपलं म्हणणं एवढंच, की कर... सारखा... हवा."

आईच्या हातातला डबा खाली आला. "सारखा हवा? म्हणजे एकदा घेऊन भागत नाही? येता-जाता घ्यायचा?"

"तसा सारखा नाही गं. सारखा म्हणजे—"

"मला मराठी शिकवू नकोस. सारखा पाऊस पडतो, सारखा फोन वाजतो. तुझा मामा सरकारी पगार खाऊन परक्यांचा कर सारखा हवा म्हणतो?" आणि हे तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की निरोप पोचवायची गरजच राहिली नाही. वरून मामीचं हसणं आलं आणि मग मामाचं एकदम शांत होणं ऐकू आलं. हो, मामाचं शांत होणं ऐकू येतं. तो खुर्ची सरकवतो.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन पुढच्या खलित्याचा मसुदा काढला आणि त्यातले सगळे "सारखा" खोडून तिथे "समान" लिहिलं. मामीला म्हणाला, "ताईला जर असं वाटलं तर त्यांनाही वाटेल."

मधल्या काळात दबाव वाढला होता. पंपाच्या कंपनीचे मालक टीव्हीवर येऊन गेले. मंत्र्यांच्या कार्यालयातून एक तरुण रोज फोन करायचा आणि विचारायचा, "सर, आज निषेध करतोय ना?" जणू आज डब्यात काय, असं विचारतोय. मामा त्याला "चिंता" द्यायचा, मग "गंभीर चिंता". शेवटी "खेद"पर्यंत आला आणि तिथे पाय रोवून बसला. मग साहेबांनी त्या देशाच्या राजदूताला भेटीला बोलावलं. मामा टिपणं घ्यायला. टिपणं घेणाऱ्याने बोलायचं नसतं, पाणीही आवाज न करता प्यायचं असतं.

ही भेट मामाने आम्हाला सांगितली ती अशी: "राजदूत आले. चर्चा झाली. गेले." मामाला गोष्ट सांगता येत नाही. सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. म्हणून मामी त्याला उलटसुलट विचारते, तो वाक्यं देतो आणि आवाज मी भरते. राजदूत मी पाहिलेला नाही, पण मामा म्हणाला की उंच, सभ्य, आपली भाषा पुस्तकातून शिकलेला आणि त्याचा फार अभिमान असलेला. एवढं मला पुरे. पुस्तकातून शिकलेला माणूस प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खुर्ची देतो.

तर साहेब मसुदा वाचत होते. "खेद" झाला. "समान" झालं. राजदूत मान हलवत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे, आपणास, हा कर, रद्द, हवा आहे?"

आता साहेबांना कागदावर बघून उत्तर देता येत होतं. पण लवंग दाताखाली आली होती आणि साहेब रंगात आले होते. कागद खाली ठेवून, घरच्यासारखं म्हणाले, "छे हो. कर सारखा असावा, एवढंच आमचं म्हणणं."

राजदूताने पेन उचललं. चेहरा उजळला. पुस्तकात हा शब्द तो शिकलेला होता. "सारखा," तो म्हणाला आणि लिहायला लागला. "अर्थात, निरंतर."

साहेबांची लवंग गालात तशीच थांबली. राजदूताच्या शेजारी बसलेला त्याचा सहायकही खाली मान घालून तेच लिहीत होता. मामा म्हणतो, त्याच्या कानात आईच ओरडली, "सारखा पाऊस पडतो, सारखा फोन वाजतो." त्याने घसा खाकरला.

"समान," मामा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. टिपणं घेणारा बोलला होता. राजदूताने पेन थांबवलं, आपला शब्द खोडला, नवा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. मग साहेबांकडे न बघता मामाकडेच बघून विचारलं, "समान. तुमच्या आणि आमच्या कंपन्यांना, एकच?"

मामाने मान हलवली. बोलायचं नसल्यामुळे.

"हे," राजदूत म्हणाला, "मी, कळवू शकतो."

बस. पेला आडवा झाला नाही. साहेब बाहेर बोळात मामाला म्हणाले, "बोलायचं नव्हतं तुम्ही." आणि पाच पावलं पुढे जाऊन मागे वळून म्हणाले, "बरं झालं बोललात." हे दुसरं वाक्य मामाने आम्हाला सांगितलंच नाही. ते साहेबांच्या ड्रायव्हरकडून कळलं.

मी ही सगळी भेट खाली जाऊन आईला करून दाखवली, सहायकासकट. आई ऐकत होती. मी "समान"पाशी आले तेव्हा तिने विचारलं, "बाळ्या बोलला? मध्येच?"

"मध्येच."

"त्याला ओरडा बसला असेल."

"बसला."

त्या दिवशी गच्चीची किल्ली माझ्या हाती न देता ती स्वतः वरच्या दाराच्या खिळ्याला लावून आली. दार वाजवलं मात्र नाही.

पैज त्याच आठवड्यातली. मी मामाला म्हणाले, आता कर जाणार. एवढा मोठा माणूस रेघ मारून घेऊन गेला म्हणजे जाणारच. मामा म्हणाला, "कर जाणार नाही."

"मग एवढा खेद कशाला केलात?"

"कर राहील. फरक जाईल."

"कर जाईल," मी म्हणाले. "लावतोस पैज?"

"भाषा अधिकाऱ्याने पैज लावू नये," मामा म्हणाला. मग मामीकडे एकदा बघून, "कशाची?"

मामाचे पांढरे शर्ट मामी घरी इस्त्री करते आणि रोज तणतणते. ठरलं असं: मी हरले तर महिनाभर त्याचे शर्ट माझ्याकडे. तो हरला तर महिनाभर माझ्या शाळेत पालकसभांना तो येणार आणि मुख्याध्यापकांसमोर माझ्या नकलांचं समर्थन करणार. लेखी. मामीने साक्षीदार म्हणून दोघांचे हात हातात घेतले.

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा आधी वर्तमानपत्रात आलं, आणि मथळा वाईट होता: पंपांवरचा कर कायम. आई सकाळीच तो वाचून कारखान्यात गेली, डबा न घेता. मी डबा घेऊन मागे धावले तर फाटकाशी म्हणाली, "ठेव तुलाच. आज भूक नाही."

तिकडे चाचणीच्या हौदापाशी सगळ्या उभ्या होत्या. पंप बंद, पाणी स्वस्थ. व्यवस्थापक आला आणि मथळ्याच्या खालची बातमी वाचून दाखवली. त्या देशाने कर ठेवला होता. पण "ज्यांचं मुख्य कार्यालय देशाबाहेर आहे" हे शब्द काढून टाकले होते. आता पंप विकणारा प्रत्येक जण भरणार, त्यांचे स्वतःचेही. म्हणजे आमचा पंप महाग राहिला, पण त्यांचाही तेवढाच महाग झाला. दुकानदारांनी पुन्हा विचारणा सुरू केली होती. पूर्वीइतकी नाही. दोन पाळ्यांची एक होणार होती. पण विभाग राहणार होता, आणि चाचणीवाल्यांपैकी कोणाला काढणार नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायकांनी आईला घेरलं. तुझा भाऊ त्या खात्यात ना, त्याने काय केलं सांग. आईने सुरुवात खरी केली होती. आश्चर्य, चिंता, खेद. बायका जांभया द्यायला लागल्या. "आणि मग?" एकीने विचारलं. आईला "समान" सांगून बघायचं होतं. पण "सारखा" कसा दोन तऱ्हेचा असतो हे समजावण्यात सुट्टी संपत आली. घंटा व्हायला आली तेव्हा ती म्हणाली, "आणि मग त्याने टेबलावर हात आपटला." सगळ्या खूश झाल्या. बाकीचं त्यांनीच जोडलं.

संध्याकाळी आई वर गेली. या वेळी चप्पल काढून. मी जिन्यात बसले, कारण मला कोणी पाठवलं नव्हतं.

"बाळ्या."

"ताई, ये."

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा सरळ माहीत नाही म्हणाला असतास तर?"

मामा थांबला. पण हा थांबा वेगळा होता, मला अजून जमलेला नाही. "माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आणि तुला माहीत नाही म्हणायची भीती वाटली. तू रडली असतीस तर काय करायचं ते मला येत नाही."

"मला तरी कुठे येतं," आई म्हणाली. मग काही वेळ कपबशांचा आवाज. मग आईचा, नेहमीच्या पट्टीतला: "आणि तुझी मोटार परत चालू राहिलीय. टाकी वाहतेय."

मामा धावत गच्चीवर गेला.

पैजेचा निकाल लावायला आईला बसवलं. मी जोरदार बाजू मांडली. म्हटलं, आपल्यावरचा अन्याय गेला म्हणजे आपल्यापुरता कर गेल्यासारखाच. शिवाय मामाचा राजदूत करून, मुख्याध्यापक करून, साहेबांची लवंग करून दाखवली. आई हसली, मामी हसली, मामाही. मग आईने विचारलं, "कर आहे का नाही?"

"आहे," मी म्हणाले.

"मग इस्त्री तापव."

पहिला शर्ट मी समोरून सुरू केला. मामा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "कॉलर आधी."